बातमी चौकीतून यायची

रात्रपाळीला मी उपसंपादक म्हणून बसायचो तेव्हा आमचा क्राइम रिपोर्टर अकराच्या सुमारास एकेका पोलीस ठाण्याला फोन लावायचा. ‘काय विशेष, साहेब?’ तृतीयपंथी पेपरात यायचे ते या फोनमधून. सिग्नलवरचा वाद, गुरूच्या गादीवरून मारामारी. मथळ्यात ‘धुडगूस’, नाहीतर ‘उच्छाद’. त्यांना भाड्यानं खोली मिळत नाही, दवाखान्यात कुठल्या वॉर्डात घ्यायचं यावरच तास जातो, याची नोंद ठाण्यात होत नसे. मग आमच्याकडे कुठून येणार?

ही वाट इंग्रजांनी पाडलेली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागानं संशयित हिजड्यांची आणि त्यांच्या मालमत्तेची नोंदवही ठेवायला लावली. नोंद झालेल्यानं बायकी कपडे-दागिने घालून रस्त्यावर दिसायचं नाही, चारचौघांत नाचायचं-वाजवायचं नाही. नियम मोडला तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करायलाही बंदी. कायदा राबवला मुख्यतः वायव्य प्रांतात, पण पोलिसी नजरेला प्रांताची हद्द कसली? १९५२ साली जमातींवरचा शिक्का पुसला गेला. आम्ही मात्र बातमीसाठी ठाण्याचाच नंबर फिरवत राहिलो.

सिनेमानं भर घातली. १९९१च्या ‘सडक’मध्ये आपल्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी महाराणी अशी रंगवली की खलनायकाचं फिल्मफेअर त्यांनाच मिळालं. अभिनय अव्वल, वादच नाही. पण पुढे कितीतरी वर्षं टाळी ऐकू आली की आमच्या गल्लीतली पोरं ‘महाराणी आली’ म्हणून ओरडायची. २००९च्या ‘जोगवा’नं निदान यल्लम्माला सोडलेल्या जोगत्याचं मन तरी दाखवलं.

२०१२ साली ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ आलं. सांगणाऱ्या ठाणे शहरातल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी, शब्दांकन वैशाली रोडे यांचं. पुस्तक हातोहात फिरलं, कारण मधला फौजदार गायब होता. मग १५ एप्रिल २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. महाराष्ट्रातल्या मतदानाचा पुढचा टप्पा दोन दिवसांवर होता, तरी निकालाला जागा करावीच लागली. त्यानंतर ‘पहिली तृतीयपंथी अमुक’ अशा चौकटींचं पीक आलं. वाईट नाही, पण चौकटीतल्या बाईचं वर्षभरानं काय झालं, हे विचारायला कुणी परत जात नाही.

झोया लोबो यांचीही अशीच चौकट झाली, पहिली तृतीयपंथी छायापत्रकार म्हणून. पूर्वी त्या लोकलमध्ये पैसे मागायच्या. त्यातलेच साठवून कॅमेरा घेतला. १४ एप्रिल २०२०ला, टाळेबंदीत, वांद्रे स्टेशनबाहेर हजारोंचा जमाव लोटला तेव्हा त्यांनी तो टिपला आणि फोटो छापून आले. विषय होता गावी जायला गाडी नसलेले मजूर.