स्टॉर्मचे दार

जुनी गाडी घरीच दुरुस्त करणे हे कंजूषपणाचे लक्षण, असा सर्रास समज आहे. मला तो पटत नाही. गोव्यात वेर्ण्याच्या सॅन मोटर्सने १९९८ मध्ये ‘स्टॉर्म’ ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार बाजारात आणली. इंजिन रेनोचे, बॉडी फायबरग्लासची. ती घेणारे काही पैशाला महाग नव्हते. पण गाड्या निघाल्या मोजक्याच, आणि मोजक्या गाड्यांसाठी सुटे भाग दुकानात कोण भरून ठेवणार? उलट कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी मोटार वर्षानुवर्षे जवळपास त्याच रूपात निघत राहिली, म्हणून तिचे सामान सहज मिळे. मालकाला पाना हातात घ्यायला लावते ती गाड्यांची संख्या, त्याचा खिसा नव्हे.

फायबरग्लास गंजत नाही, मग दुरुस्ती कसली, असे कुणी विचारेल. बॉडी टिकते, पण काचेखालचे रबर उन्हाने कडक होऊन तडकते. हिंगोलीसारख्या तापणाऱ्या जिल्ह्यात तर लवकरच. फटीतून पावसाचे पाणी दारात उतरते, तळाची निचऱ्याची भोके मातीने बुजलेली असली की साठते, दाराच्या आतला हार्डबोर्ड फुगतो आणि त्यावरचे रेक्झिन सुटते. दोष काचेपाशी, दिसतो मात्र आतल्या सजावटीत! म्हणून आधी भोके मोकळी करावीत, रबर बदलावे, मगच जुना बोर्ड नव्यावर ठेवून नवा आखावा, कापावा, रेक्झिनच्या कडा मागे दुमडून चिकटवाव्यात. यात गाडीचा अस्सलपणा जातो ही हरकत रास्त आहे. त्यासाठी जुना बोर्ड फेकू नये, पुढच्या दुरुस्तीला तोच नमुना लागतो.