नाताळचे तबक

नाताळच्या दिवशी सकाळची मिस्सा आटोपली, की आपल्या वस्तीतून एक मिरवणूक निघते. तिला बँड नसतो, पताका नसतात. नवे कपडे घातलेली दोन-चार मुले, त्यांच्या हातांत एक तबक आणि तबकावर सुईने विणलेला पांढरा रुमाल, एवढाच तिचा सरंजाम. रुमाल दूर केला, की आतली श्रीमंती दिसते: कातणाने नक्षीदार कडा कापलेल्या नेवऱ्या, फणीवर वळलेली कुलकुलं, पेरूच्या ‘पेराद’च्या शंकरपाळी आकाराच्या लाल वड्या, आणि गुलाब, मासोळी, शिंपला असे आकार ल्यालेले गुलाबी-हिरवे मार्झिपान. यांतील एकही जिन्नस दोन बोटांच्या चिमटीत मावणार नाही असा नसतो. सणाचा पदार्थ एवढा लहान का, आणि एका घासात संपणाऱ्या वस्तूवर एवढी कलाकुसर कशासाठी, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. तो विचारून पाहिला, तर हे तबक आपल्याला फार दूरवर घेऊन जाते.

प्रथम तबकाचे नाव पाहू. गोव्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठवायच्या या फराळाला ‘कोन्सुआद’ म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्द ‘कोन्सुआदा’. आज पोर्तुगालमध्ये त्याचा अर्थ नाताळच्या पूर्वरात्रीचे कौटुंबिक भोजन असा आहे. पण त्याचा जुना अर्थ उपवासाच्या दिवशी संध्याकाळी घेतलेला हलका फराळ असा होता. सांत्वन करणे या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते सांगितले जाते. नाताळची पूर्वसंध्या ही ख्रिस्तसभेत शतकानुशतके उपवासाची होती. पोप पॉल सहावे यांनी 1966 साली ‘पेनितेमिनी’ या आज्ञापत्राने उपवासाचे नियम शिथिल करीपर्यंत ते बंधन टिकले. म्हणजे ज्या तबकाला आपण आज चंगळ समजतो, त्याचे नाव उपवासाच्या पोटी जन्मले आहे.

उपवासात गोड चालते का, हा प्रश्न तेराव्या शतकात खुद्द संत थॉमस अक्वायनस यांनी हाताळला होता. त्या काळी साखर हे युरोपात अन्न नव्हते, औषध होते. मसाल्यांबरोबर ती औषधविक्रेत्याकडे मिळे. ‘सुम्मा थिऑलॉजिका’त संत थॉमस म्हणतात, की असे औषधी पाक पचनासाठी घेतले जातात, म्हणून त्यांनी उपवास मोडत नाही, मात्र कोणी ते अन्न म्हणून भरपूर खाऊ लागला, तर ती पळवाट ठरेल. चिमूटभर घेतले तर सांत्वन, ओंजळभर घेतले तर लबाडी! गोडाच्या मापाविषयी याहून नेमका निवाडा क्वचितच कोणी दिला असेल.

ही साखर मुळात आपल्याच देशातली. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’ झाली आणि पोर्तुगिजांच्या तोंडी ‘असुकार’ बनून पुन्हा आपल्या किनाऱ्याला लागली. वाटेत ती राजांच्या मेजावर मिरवून आली. इंग्लंडचा बालराजा सहावा हेन्री याच्या 1429 सालच्या राज्याभिषेकाच्या मेजवानीत, दोन पंगतींच्या मधल्या वेळात शोभेच्या खाद्यमूर्ती आणल्या गेल्या. त्यांपैकी एकीत संत एडवर्ड व संत लुई यांच्यामध्ये राजा उभा होता. साखर, बदाम इत्यादी घडवून केलेल्या अशा मूर्तींचा हेतू खाण्यापेक्षा दिपवण्याचा अधिक असे. साखर महाग होती तोवर तिची शिल्पे मोठी होती, कारण ती सत्तेची भाषा बोलत होती.

याच कलेचे लहान, घरगुती रूप मठांत जपले गेले. सिसिलीत अरबांनी ऊस आणला होता. तेथील पालेर्मो शहरात मार्तोराना दाम्पत्याने 1194 साली स्थापन केलेल्या मठातील धर्मभगिनींच्या नावाने बदाम-साखरेची रंगवलेली फळे आजही ओळखली जातात. आर्चबिशपांच्या भेटीच्या वेळी बागेतील झाडे फळांवाचून उघडी दिसू नयेत, म्हणून भगिनींनी ही लटकी फळे फांद्यांना टांगली, अशी दंतकथा आहे. दंतकथा बाजूला ठेवली, तरी प्रथा बोलकी आहे: ही फळे तेथे 2 नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिवशी लहान मुलांना दिली जातात. राजवाड्यातील साखरशिल्प मठाच्या दारातून बाहेर पडले, ते मुलाच्या मुठीत मावेल एवढे होऊन.

पोर्तुगिजांबरोबर ही कला गोव्यात आली, पण बदाम या किनाऱ्यावर पिकत नव्हता. त्याची जागा घेतली काजूने, आणि काजूही परदेशीच! हे झाड ब्राझीलचे. तेथील तुपी लोकांच्या शब्दावरून पोर्तुगिजांनी त्याला ‘काजू’ म्हटले आणि सोळाव्या शतकात ते भारतात आणले. आपल्या मार्झिपानात म्हणूनच भारताची शर्करा, भूमध्य सागराची रीत आणि ब्राझीलची बी एकत्र नांदतात. भिजवून बारीक वाटलेला काजू, साखर, अंड्याचा पांढरा बलक व गुलाबपाणी मंद आचेवर ढवळत राहायचे. गोळा कढईच्या कडा सोडू लागला, की क्षणभरही न दवडता उतरवायचा आणि कोमट असतानाच तुपाचा हात लावलेल्या साच्यांत दाबायचा. उशीर झाला तर साचा भरत नाही, घाई केली तर पाकळी सुटत नाही.

गोव्यातील गोड पदार्थांचे श्रेय परंपरा जुने गोवे येथील सांता मोनिका मठाला देते. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी 1606 साली ऑगस्टीनियन भगिनींसाठी तो स्थापन केला. बिबिंकेचे नाव तेथील एका भगिनीवरून पडले, असेही सांगतात. पोर्तुगालने 1834 साली मठसंस्थांवर घाला घातल्यानंतर नव्या भगिनी येणे थांबले आणि तो भव्य मठ हळूहळू ओस पडला. भगिनींच्या हातांविषयी आपण कृतज्ञ असावे, हे खरेच. परंतु आणखी काही हात होते, ज्यांच्याविषयी कोणी दंतकथाही रचली नाही.

1583 साली गोव्यात आलेला आणि तेथे आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोतेन याने आपल्या 1596 सालच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे, की अनेक पोर्तुगीज कुटुंबे गुलामांच्या कमाईवर जगत. गुलाम स्त्रिया भारतीय फळांचे मुरंबे व नाना मिठाया बनवीत, सुंदर भरतकाम करीत, आणि त्यांतल्या तरुण व देखण्या मुलींना तो माल विकायला रस्त्यावर पाठवले जाई. मिठाईइतकेच त्यांच्या रूपाचेही मोल केले जात होते, हे त्याने आडपडदा न ठेवता सांगितले आहे. या स्त्रियांची नावे त्याने दिलेली नाहीत. तिकडे अटलांटिकपलीकडे ब्राझीलच्या मळ्यांत ऊस तोडणारे हातही आफ्रिकेतून पळवून आणलेल्या गुलामांचेच होते. तबकावरचा रुमाल उचलताना हा इतिहास उचलायला आपण कचरतो. पण गोडाच्या कुळकथेतून ही कडू पाने फाडून टाकता येत नाहीत.

तबकातील नेवरी मात्र कोठूनही आलेली नाही, ती येथलीच. खोबऱ्याचे सारण, मुरड घातलेली किंवा कातलेली कड: तीच दिवाळीतली करंजी. गोव्याच्या धर्मन्यायपीठाने 1736 साली काढलेल्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांना त्यांच्या पूर्वजांच्या असंख्य चालीरीती निषिद्ध ठरवल्या. हिंदूंप्रमाणे भात बिनमिठाचा शिजवण्यापर्यंत ही मनाई पोहोचली होती, हे अ. का. प्रियोळकरांच्या ग्रंथात वाचायला मिळते. भाताच्या मिठापर्यंत पोहोचलेल्या त्या नजरेखालूनही नेवरी टिकली, आणि ख्रिस्तजन्माच्या तबकात मार्झिपानच्या शेजारी जाऊन बसली. श्रद्धा बदलली, पण आईच्या बोटांची सवय बदलली नाही.

उत्तरेकडे वसई 1739 साली मराठ्यांनी जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण येथील मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज आपल्या शेतावाडीत राहिला. मुंबई-साष्टीच्या समाजातील धुरीणांनी 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. त्या घरांतही नाताळचे मार्झिपान काजूचेच होते. राज्ये आली-गेली, समाजांची नावे बदलली. तबक फिरत राहिले.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. हे पदार्थ लहान आहेत, कारण ते वाटण्यासाठी आहेत. एकच मोठा केक कापून खाणारे कुटुंब आपल्यातच पूर्ण असते. शंभर कुलकुलं वळणारे घर आरंभापासूनच दुसऱ्यांची दारे मोजत असते. आणि ते सजवलेले आहेत, कारण देताना हात आखडला नाही, हे सांगण्याची ती रीत आहे. राजाच्या मेजावरची साखर पाहणाऱ्याला लहान करीत असे. तबकातली साखर स्वतः लहान होते.

आज साखर स्वस्त आहे, साचे बाजारात मिळतात, आणि तयार फराळाची खोकी बेकरीतून दोन मिनिटांत घरी येतात. विकत आणण्यात पाप नाही. फक्त दोन गोष्टी जपाव्यात. एक, ज्यांनी वळले, वाटले, ढवळले त्या हातांची आठवण. ते मठातले असोत, बाजारात उभ्या केलेल्या गुलाम मुलीचे असोत, की आगमनकाळात रात्री जागणाऱ्या आपल्या आईचे. दुसरी, तबकाची वाट. ती केवळ आपल्या पॅरिशमधील घरांपाशी संपू नये. आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. काही नसले तर निदान चिमूटभर साखर घालून देतात. नाताळात नेवरी घेऊन गेलेले तबक दिवाळीत करंजी घेऊन परत येते, तेव्हा त्या चिमटीत किती शतकांचा प्रवास असतो, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही.