स्नायूचा तुकडा काय सांगतो?

जिना चढताना मांड्या थकतात, जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकावे लागतात. दोष स्नायूतच आहे की त्याला आज्ञा देणाऱ्या मज्जातंतूत, हे मात्र लक्षणांवरून नेहमी कळत नाही. त्याचा निवाडा अनेकदा स्नायूच्या बायॉप्सीने होतो.

हा मार्ग रूढ करण्याचे श्रेय फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांच्याकडे जाते. शवविच्छेदनाची वाट न पाहता जिवंत रुग्णाच्या स्नायूचा कण काढणारी सुई त्यांनी १८६० च्या दशकात वापरली. मुलांचे स्नायू क्षीण करणारा जो आजार त्यांनी अभ्यासला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

तुकडा बहुधा मांडीतून वा दंडातून घेतात. पार वाळलेल्या स्नायूत चरबीखेरीज फारसे काही उरत नाही आणि धडधाकट स्नायूत रोग दिसेलच असे नाही. म्हणून मध्यम दुबळा स्नायू निवडतात. खरी कसोटी त्यानंतरची. गाठीच्या नमुन्याप्रमाणे सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये बुडवला, तर स्नायूतील एन्झाइमची तपासणीच अशक्य होते. तो ताजाच प्रयोगशाळेत पोहोचवून, द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये क्षणार्धात गोठवावा लागतो. सावकाश गोठला, तर बर्फाचे स्फटिक तंतूंना छिद्रे पाडतात. तेव्हा नमुना गोठवण्याची सोय कोठे आहे, हे शस्त्रक्रियेआधीच विचारलेले बरे.

सूक्ष्मदर्शकाखाली चित्र बोलके असते. मज्जातंतूच्या विकारात तंतू घोळक्याने सुकतात. स्नायूच्या मूळ विकारात लहानमोठे तंतू विखुरलेले दिसतात. डर्माटोमायोसायटिसमध्ये गठ्ठ्याच्या कडेचे तंतू बारीक होतात. ही ओळख मोलाची, कारण हा दाह स्टेरॉइडसारख्या औषधांनी आटोक्यात येऊ शकतो. आनुवंशिक क्षय समजून रुग्णाला घरी पाठवणे म्हणजे उपचाराची संधी घालवणे होय. १९८७ मध्ये डिस्ट्रोफिन या प्रथिनाचा शोध लागल्यावर द्युशेनच्या आजारात तंतूंच्या कडेवर त्याचा अभावही दाखवता येऊ लागला.

आता या आजाराच्या संशयात आधी रक्तावरून जनुकचाचणी करतात आणि अनेक मुलांची बायॉप्सी टळते. जनुकाचा निष्कर्ष संदिग्ध असेल किंवा दाहाचा संशय असेल, तर मात्र तुकड्याकडेच वळावे लागते. दाह स्नायूत ठिकठिकाणी विखुरलेला असल्याने ‘नॉर्मल’ अहवालाने तो नाहीच असे सिद्ध होत नाही. अशा वेळी एमआरआयवरून जागा हेरून दुसरा नमुना घेण्याचा पर्याय डॉक्टरांपुढे असतो.