गोतसभेपासून ग्रामसभेपर्यंत

देवळाच्या बांधणीविषयी आणि दैवताच्या महात्म्याविषयी जाणती मंडळी या स्मरणिकेत लिहिणार आहेतच. प्रस्तुत लेखात देवळाच्या एकाच भागाविषयी, म्हणजे सभामंडपाविषयी लिहावयाचे आहे. आत देव आणि बाहेर सभा, अशी ही आपल्या पूर्वजांची रचना. मराठी मुलखात भजन-कीर्तनाबरोबर गावाची बैठक, भांडणाचा निवाडा, शपथक्रिया ही कामेही शेकडो वर्षे देवळात नाहीतर चावडीवर होत आली. त्या बैठकीचे नाव गोतसभा.

गोत म्हटले की आज आपणांस सोयरेधायरे आठवतात. जुन्या कागदांत गोत म्हणजे गावचे किंवा परगण्याचे सर्व वतनदार. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार हे गावचे गोत. देशमुख, देशपांडे, पेठेचे शेटे-महाजन आणि आसपासच्या गावांचे पाटील मिळून परगण्याचे गोत. पाटीलकीचा वाद असो, भाऊबंदांतील वाटणी असो, दोन गावांच्या शिवेचा तंटा असो, हे गोत जमे आणि त्यांच्यासमोर प्रकरण चाले. सोबत सरकारचा अंमलदारही बसे. परंतु निवाडा त्या एकट्याचा नसे, तो मजालसीचा, म्हणजे जमलेल्या सर्वांचा असे.

ही रीत किती शिस्तीची होती हे पाहिले म्हणजे आमच्यासारख्या कचेरीत काम करणाऱ्या माणसालाही नवल वाटते. प्रथम दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा कागद. त्या काळी 'जो निवाडा होईल तो मला राजी आहे' असे आधीच लिहून देणे म्हणजे राजीनामा. त्यावर जामीन घेत. मग अग्रवादी आपली तकरीर लिहून देई, पश्चिमवादी आपली देई. वतन कसे आले, कोणत्या पिढीत काय घडले, याची सविस्तर हकीकत म्हणजे करीना. मग साक्षीदार. साक्षीदाराला बेचाळीस कुळांची शपथ घालून देवासमोर उभा करीत. बेल-भंडार उचलून सांगावे लागे. सर्व ऐकून झाल्यावर मजालस जो कागद करी तो महजर. ज्याचा वाद खरा ठरला तो हरकी भरी, जो खोटा ठरला तो गुन्हेगारी भरी आणि शिवाय 'माझा वाद खोटा' असे येजितखत आपल्या हाताने लिहून देई. निवाडा मान्य नसेल तर दुसरे थळ मागण्याचीही सोय होती. गावातल्या माणसांना भीड पडते असे वाटले, तर प्रकरण लांबच्या गोतापुढे जाई.

महजराची सुरुवात 'हाजिर मजालस' या शब्दांनी होते आणि खाली नावांची मोठी यादी असते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड छापला आणि पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. त्यानंतर असे पुष्कळ कागद छापून आले आहेत. वाचकांनी एखादा तरी महजर जरूर वाचावा. बहुतेकांना लिहिता येत नव्हते, म्हणून नावापुढे निशाणी असते. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तराजू, तशीच न्हाव्याची, परटाची, सुताराची आपापल्या हत्याराची. शिवेच्या तंट्यात तर महाराच्या साक्षीवाचून पान हलत नसे, कारण शीव राखणारा तोच. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही बोलता येते, आणि त्याचे बोलणे ऐकल्यावर त्याची निशाणी कागदावर येते, ही या कागदांतील खरी गोष्ट. निशाणी करणारा मनुष्य पुढे गावात राहणार होता. उद्या हाच वाद पुन्हा निघाला तर 'तू त्या दिवशी बसला होतास, तुझा नांगर कागदावर आहे' असे त्याला ऐकावे लागे. त्यामुळे निवाडा पाळण्याचे ओझे सरकारच्या शिपायावर कमी आणि गावावर अधिक पडे. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण उगाच पडली नाही.

तथापि गोतसभेला सोन्याची म्हणण्याचे कारण नाही. वतन नाही त्याला गोतात जागा नव्हती. उपरा, कूळ, गडी हे बाहेरच. महाराची साक्ष हवी, पण तो बसे दूर, आणि ज्या देवापुढे शपथ चाले त्याच्या पायरीवरही त्याला येता येत नसे. स्त्रिया वादी म्हणून कागदांत दिसतात, मजालसीत दिसत नाहीत. साक्षी-पुराव्याने उलगडा न झाला तर दिव्य करीत. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढावयाचा, त्याला रवा-दिव्य म्हणत. हात पोळला की वाद खोटा. हे आज कोणी मागू नये. मोठ्या घराण्याची भीड, लाच, वर्षानुवर्षे रेंगाळणे हेही होतेच.

१८१८ साली पेशवाई गेली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे दोष सांगूनही ती टिकवावी असेच मत दिले होते. परंतु टिकली नाही. लोकांच्या बोलण्यात याचे खापर इंग्रजी कोर्टांवर फुटते आणि ते बरोबरच आहे, कारण वर दाद लागते म्हटल्यावर गावाच्या निवाड्याला कोण विचारतो? पण महसुलाच्या कामात वर्षे गेल्यामुळे दुसरे एक कारण मला अधिक मोठे वाटते. मराठी अमलात जमाबंदी साऱ्या गावाची मिळून ठरे. गावाने किती द्यावयाचे, पीक बुडाले तर सूट किती मागावयाची, देवाच्या दिवाबत्तीचा आणि जत्रेचा गावखर्च कसा भागवावयाचा, हे ठरविण्यासाठी एकत्र बसणे भागच होते. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची रयतवारी मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला आकार, आकार तीस वर्षांसाठी कायम आणि प्रत्येक खातेदाराचा थेट सरकारशी व्यवहार. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत चांगलीच होती. आजचा आपला सातबारा तिच्याच वंशातला. पण त्या दिवसापासून एकत्र बसण्याचे गावाचे कारण संपले. जो तो आपल्या खात्यापुरता राहिला. सावकाराच्या दारातही तो एकटाच गेला आणि न समजलेल्या खतावर त्याने एकट्यानेच निशाणी केली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि खते-वह्या जाळल्या, त्याच्या मुळाशी हे सर्व होते. त्यानंतर १८७९ चा शेतकऱ्यांचा कायदा आला आणि खटल्याआधी समेटाचा प्रयत्न व्हावा म्हणून माणसे नेमली गेली. मोडलेली बैठक सरकारला कायद्याने पुन्हा बसवावी लागली म्हणावयाचे!

सुप्याच्या दंग्याआधी पाच वर्षे पुण्यात एक निराळीच गोष्ट घडली होती, आणि तिचे निमित्त एक देवस्थान होते. पेशव्यांनी बांधलेल्या पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पंचांकडे होता. त्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. तक्रार सर्वांची, पण सर्वांच्या वतीने बोलावयाचे कोणी आणि कोणत्या अधिकाराने? या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे प्रमुख चालक गणेश वासुदेव जोशी. हे वकील, पुढे 'सार्वजनिक काका' या नावानेच ओळखले गेले.

या सभेचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सभासद व्हावयाचे तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. म्हणजे आधी पन्नास जणांकडे जावयाचे, काय बोलणार ते त्यांना सांगावयाचे, त्यांचे ऐकावयाचे आणि मग सभेत बसावयाचे. त्या काळी मतदान नाही, निवडणूक नाही, तरी सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन पंचाण्णव सभासद जमले. देवस्थानाच्या कारभारापासून निघालेली ही मंडळी पर्वतीवर थांबली नाहीत. शेतकऱ्यांच्या स्थितीची माहिती ठिकठिकाणाहून गोळा करून त्यांनी १८७३ साली अहवाल तयार केला, आणि तो विलायतेच्या पार्लमेंटच्या कमिटीपुढे ठेवण्यासाठी होता. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेची माणसे दुष्काळी मुलखात जाऊन हकीकती पाठवीत होती. तंटे आपसांत मिटावेत म्हणून काकांनी लवाद कोर्टांचीही खटपट केली. वकिलाने कोर्टाबाहेर तंटे मिटवावेत, ही गोष्ट आजच्या वकीलमंडळींनी मनावर घेण्याजोगी आहे!

या सभेत सरदार, इनामदार, वकील, व्यापारी यांचाच भरणा होता. महात्मा जोतीराव फुले यांनी ही सभा सार्वजनिक म्हणवते पण तीत शूद्रातिशूद्र कोठे आहेत, अशा अर्थाची टीका केली आणि ती रास्त होती. ज्याच्या शेताचा अहवाल, तो अहवाल लिहिणारांत नव्हता. गोतसभेत निदान परटाची मोगरी कागदावर येत होती!

स्वातंत्र्यानंतर गावाच्या बैठकीला पुन्हा कायद्याचे बळ आले. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभा हा शब्द राज्यघटनेत गेला. गोतसभेत ज्यांना जागा नव्हती त्या सर्वांना येथे जागा आहे. मतदार यादीत नाव असले की झाले. वतन लागत नाही, जात विचारली जात नाही. ग्रामसभेआधी स्त्रियांची निराळी सभा घ्यावयाची आहे. २०११ पासून पंचायतीतील निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. चारशे वर्षांच्या मानाने ही केवढी मजल झाली!

आणि तरी हजेरीचे रजिस्टर उघडून पाहावे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. तेवढीही येत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग दहा-पंधरा माणसांत विषयपत्रिका संपते. काही ठिकाणी शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर हिंडतो आणि लोक चुलीपाशी बसून सही करतात. ठराव काय झाला हे सही करणाऱ्याला ठाऊक नसते. पंचनाम्याचेही तेच. नावात 'पंच' राहिले, पण मजकूर आधी लिहून तयार आणि पंच फक्त सहीपुरते, असे पुष्कळदा चालते. साक्षरता वाढली, निशाणीची सही झाली. मात्र निशाणीआधी जे बोलणे होत असे ते गेले. पुढे त्या ठरावातून गटार चुकीच्या आळीत गेले, घरकुलाच्या यादीत भलतेच नाव लागले की तोच मनुष्य तालुक्याला अर्ज घेऊन येतो. त्या अर्जाला जोडलेल्या ठरावाच्या नकलेवर हजर म्हणून त्याचीच सही असते. अशा वेळी त्याला काय सांगावे हे कळत नाही.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंड वस्तीचे लहान गाव आहे. घरे शंभराच्या आसपास. तेथे १९८० नंतरच्या दशकापासून दोन बैठका चालत आल्या. एक अभ्यास गट. त्यात विषयाची नुसती माहिती घ्यावयाची, जाणत्यांना बोलवावयाचे, प्रश्न विचारावयाचे; ठराव करावयाचा नाही. दुसरी ग्रामसभा. तीत निर्णय घ्यावयाचा, पण बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलावयाचा आणि पुन्हा बोलावयाचे. ऐकणाऱ्याला वाटेल की अशाने कोणतेच काम होणार नाही. उशीर होतो हे खरेच. पण हात वर करून हरलेला मनुष्य घरी जाऊन आडकाठी करतो, त्यात जाणारा वेळ आपण कधी मोजत नाही. श्री. देवाजी तोफा हे तेथील पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सहकारी होते. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली या ग्रामसभेला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या जंगलात बांबू आहे. बांबू तोडला तरी वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच होता, आणि परवान्याशिवाय माल गावाबाहेर नेता येत नव्हता. ग्रामसभेने तो प्रश्न लावून धरला. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये त्या वेळचे केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश मेंढ्यास आले आणि परवान्यांचे कोरे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. त्या पुस्तकातील परवान्यावर सही आता ग्रामसभेची चालते.