मेंदूची एमआरआय-चित्रे आणि समान मोजमापाचा प्रश्न

एकाच मनुष्याच्या मेंदूचे एमआरआय-चित्र दोन निरनिराळ्या केंद्रांत घेतले, तर त्यांतील आकडे तंतोतंत जुळत नाहीत. या विसंगतीचे मूळ तंत्राच्या स्वरूपातच आहे. सीटी-चित्रणात पाण्याचे मूल्य शून्य व हवेचे उणे १००० असे मान ठरलेले असते. नेहमीच्या एमआरआय-चित्रातील उजळपणाला मात्र असे निरपेक्ष एकक नाही; चुंबकक्षेत्राची तीव्रता, यंत्राचा निर्माता वा चित्रणाची पद्धत बदलली की आकडेही बदलतात.

पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या तंत्राने मिळविलेली पहिली चित्रे प्रसिद्ध केली. निदानापुरता विचार केला तर ही उणीव फारशी बाधत नाही. कारण तज्ज्ञाची दृष्टी एकाच चित्रातील भागांची परस्परांशी तुलना करते. परंतु अनेक केंद्रांतील चित्रे एकत्र करून संगणकाने मोजमापे घेण्याचा प्रघात पडला, तेव्हा प्रश्नाला गांभीर्य आले. लास्लो न्यूल व जयराम उडुपा यांनी १९९९ मध्ये उजळपणाची श्रेणी एका प्रमाणश्रेणीशी जुळविण्याची रीत मांडली. उत्तर अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्झायमर्स डिसीझ न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाने निराळा मार्ग धरला. चित्रणाची पद्धत सर्व केंद्रांसाठी आधीच निश्चित करण्यात आली आणि ज्ञात मापांच्या ‘फँटम’ या साधनाने यंत्रे पारखण्यात आली.

तिसरा मार्ग संख्याशास्त्राचा. जनुकांच्या मोजणीतील गटागटांचा फरक काढण्यासाठी २००७ मध्ये मांडलेली ‘कॉम्बॅट’ ही रीत २०१७ पासून मेंदूच्या चित्रांनाही लावण्यात आली. केंद्रामुळे मोजमापांच्या सरासरीत व विचलनात पडणारा फरक ती अजमावते आणि वजा करते.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. सर्व रुग्ण एका केंद्रात व सर्व निरोगी व्यक्ती दुसऱ्या केंद्रात तपासल्या असतील, तर यंत्राचा फरक कोणता आणि रोगाचा कोणता, हे केवळ गणिताने सांगता येत नाही. अशा वेळी केलेली दुरुस्ती यंत्राच्या दोषाबरोबर रोगाची खूणही पुसून टाकते, आणि न केलेली दुरुस्ती यंत्राच्या दोषालाच रोग ठरविते. म्हणून मागाहून केलेले गणित पूर्वनियोजनाला पूरक ठरते. त्याची जागा ते घेऊ शकत नाही. प्रत्येक केंद्रात दोन्ही प्रकारच्या व्यक्ती असाव्यात, शक्य तेथे त्याच काही व्यक्ती सर्व केंद्रांत तपासाव्यात, हाच या इतिहासाचा संशोधकाला बोध होय.