सिस्टिमसीटीएल स्टेटस

लिनक्स सर्व्हरवरची एखादी सेवा चालू आहे की बंद, हे टर्मिनलवर सांगणारी आज्ञा. लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी २०१० मध्ये पुढे आणलेल्या सिस्टिमडी या प्रणालीचा ती भाग आहे. फेडोराने २०११ मध्ये, तर डेबियन व उबुंटूने २०१५ मध्ये सिस्टिमडी स्वीकारली. त्याआधी प्रत्येक सेवेची स्वतंत्र स्क्रिप्ट असे आणि स्थिती सांगण्याची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. काहींमध्ये तर ती सोयच नसे.

आज्ञेपुढे सेवेचे नाव, समजा एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे, लिहिले की पहिल्याच ओळीत खूण दिसते: चालू सेवेला हिरवी, कोलमडलेल्या सेवेला लाल. खाली मुख्य प्रोसेसचा क्रमांक, सेवा केव्हापासून चालू आहे ती वेळ आणि लॉगच्या शेवटच्या १० ओळी येतात. बिघाडाचा धागा बहुधा या ओळींतच सापडतो. सेवा घाईघाईने पुन्हा सुरू करण्याआधी त्या वाचायलाच हव्यात.

उत्तरात दिसणाऱ्या शब्दांपैकी ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे सेवा आत्ता चालू आहे. ‘एनेबल्ड’ म्हणजे सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर ती आपोआप सुरू होईल. या दोहोंची गल्लत महागात पडते.

प्रोसेस जिवंत असूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर ते मात्र या आज्ञेला कळत नाही. त्यासाठी कर्ल या आज्ञेने प्रत्यक्ष पान मागवून पाहावे लागते.