सहामाहीचे गुण

परवा माळा आवरताना १९७१ सालची माझी कॉलेजातली वही सापडली. वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या पाचपैकी दोन कसोट्या झाल्यावर मी आपल्या खेळाडूंना चक्क शंभरपैकी गुण दिले होते!

मडगावच्या दिलीप सरदेसाईला पैकीच्या पैकी. खरं तर तो संपला, असंच आम्ही पनवेलची पोरं धरून चाललो होतो. पण किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी दाणादाण उडाल्यावर त्याने २१२ धावा काढल्या, मग पोर्ट ऑफ स्पेनला ११२. दोन्हीकडे त्याला साथ एकनाथ सोलकरची, ६१ आणि ५५. त्याला मी दिले साठ! गावसकरच्या पदार्पणातच ६५ आणि नाबाद ६७; तरी शेरा, 'नवा आहे, बघू.' त्याच मालिकेत त्याने एकूण ७७४ केल्या.

सलीम दुराणीला पस्तीस. का, तर दुसऱ्या डावात बळी फक्त दोन. पण ते दोन म्हणजे सोबर्स आणि लॉइड! तिथेच सामना फिरला आणि वेस्ट इंडिजला आपण पहिल्यांदाच हरवलं.

पुढे जन्मभर मास्तरकी केली. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकांवर असे किती शेरे मारले असतील! ती कुणाकुणाच्या माळ्यावर असतील, कोण जाणे.